थंडी खालून येते

(महिला संघाच्या हिवाळी मदत मेळाव्यात केलेलं भाषण)



ब्लँकेट निधीबद्दल मी चार शब्द बोलावे, असं मला सांगण्यात आलं आहे. दरवर्षी नोव्हेंबर संपता संपता आपण मंडळीतून ब्लँकेटं गोळा करतो, नाताळाच्या आधी गाडी भरून सातपुड्यात पाठवतो आणि पुढच्या अंकात वाटपाचा फोटो येतो. त्या फोटोंत कुठल्यातरी कोपऱ्यात मीही उभी असते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर मी 27 वर्षं परिचारिका म्हणून फिरले, तेव्हा कितीतरी ब्लँकेटं माझ्या हातून वाटली गेली. म्हणून निधीसाठी हात पसरण्याआधी एक गोष्ट कबूल करते. ब्लँकेटाबद्दल मला जे कळायला हवं होतं, ते फार उशिरा कळलं.

इथे शहरात मला नेहमी विचारतात, "नंदुरबारला कसली हो थंडी? तिथे तर उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो." प्रश्न बरोबर आहे. पण तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि त्याच्या आसपासचे पाडे डोंगराच्या घड्यांमध्ये बसलेले आहेत. पाऊस सरला की आकाश निरभ्र होतं, हवा कोरडी पडते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. वर ढगांचं पांघरूण नसतं. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि ओढ्याकाठच्या घरांभोवती साचून राहते. दुपारी घामाच्या धारा आणि पहाटे हुडहुडी, असा तिथला डिसेंबर-जानेवारी. डाब, तोरणमाळ या बाजूला काही हिवाळ्यांत गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

सपाटीवर किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली उतरलं आणि ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी कमी असलं, तर हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. लाट आली की पेपरात येतं, आपल्याकडे देणग्या येतात. पण ज्याचं घर गारठा अडवत नाही, त्याला पेपरात न आलेली बारा अंशांची रात्रही तेवढीच जड जाते. आणि अशा रात्री लाटेच्या रात्रींपेक्षा कितीतरी जास्त असतात.

आता घराबद्दल बोलते, कारण सगळं तिथेच आहे.

पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचं जुनं घर ज्यांनी आतून पाहिलं नसेल, त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचे खांब, बांबूचा कूड, त्याला आतून-बाहेरून माती आणि शेणाचं लिंपण. वर नळीची कौलं. कौलांखाली माळा, आणि त्या माळ्यावर मक्याची कणसं, चारा, सुकवलेली मोहाची फुलं, जे असेल ते. एका बाजूला धान्याच्या कणग्या, एका बाजूला बैल आणि शेळ्या, मध्ये चूल. जमीन शेणाने सारवलेली. मी नवी होते तेव्हा या घरात शिरले की नाक मुरडायचे. जनावरं आणि माणसं एका छपराखाली, धूर, अंधार! आरोग्यशिक्षणाच्या तक्त्यात 'अयोग्य घर' म्हणून जे चित्र असतं, ते हुबेहूब हेच.

त्या घरात थंडीशी झुंजायची किती व्यवस्था होती, हे मला दिसलं नाही. भरलेला माळा म्हणजे डोक्यावर हातभर जाडीचं पांघरूण. कणगी म्हणजे बाहेरच्या भिंतीला आतून लागलेली दुसरी भिंत. दोन बैल रात्रभर ऊब टाकत उभे. लिंपलेला कूड वारा आत येऊ देत नाही आणि चुलीची धग हळूहळू परत देतो. खाली खानदेशाच्या सपाटीवर जुनी धाब्याची घरं आहेत, त्यांच्यावरचा मातीचा जाड थर हेच काम करतो. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. हे कुणी पुस्तकात वाचून केलं नव्हतं.

पण एक सांगून ठेवते, जुन्या घराचे गोडवे गायला मी उभी नाही. त्या घरातल्या धुराने बायकांच्या छातीची काय अवस्था होते, हे मी कानाला नळी लावून ऐकलेलं आहे. पावसाळ्यात कौलं गळायची. कूड वाळवी खायची. आणि दर दोन वर्षांनी कौलं परतायची मेहनत कुणाला हवी असते?

म्हणूनच आपण पत्रे दिले. आपणच. एका पावसाळ्यात वादळाने एका पाड्यावरची बरीच छपरं उडाली, तेव्हा मंडळ्यांमधून पैसे जमवून आपण तिथे लोखंडी पत्रे घातले. वर्गणी मागायला मीच फिरले होते. पाऊस थांबला, लोकांनी आभार मानले, मीही समाधानाने परतले. पत्र्याबरोबर माळा गेला, कारण पत्र्याचा उतार कमी, आत माळ्याला जागाच उरली नाही. कुडाच्या जागी चार इंची विटांची भिंत आली. सारवणाच्या जागी कोबा. जनावरं बाहेरच्या गोठ्यात. हे सगळं आम्ही 'सुधारणा' म्हणून अहवालात लिहिलं.

पुढच्या जानेवारीत त्याच पाड्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, रात्री घरात पाणी पडतं."

मी म्हटलं, "आजी, जानेवारीत कुठला पाऊस?"

"पाऊस नाही. पत्र्यातून पडतं."

मला वाटलं, खिळ्याच्या भोकातून दव गळत असेल. मी वायसर बघायला सांगितलं आणि पुढे निघाले. ती खरंच सांगत होती. पत्रा इतका पातळ आणि आकाशापुढे इतका उघडा असतो, की निरभ्र रात्री तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. आत झोपलेल्या सहा-सात माणसांच्या श्वासाची वाफ त्याला लागते, तिचं पाणी होतं आणि ते टपटप अंथरुणावर पडतं. ओलं पांघरूण निम्मं कामाचं. हेच छप्पर मे महिन्यात तव्यासारखं तापतं.

त्याच हिवाळ्यात त्या पाड्यावर एक तान्हं बाळ दगावलं. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. नोंदवहीत मी 'श्वासाचा त्रास' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण मी वर छपराकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा जानेवारी. पहाटे एक बाप धावत आला, "बाळ दूध ओढत नाही, रडतही नाही." आठ दिवसांचं बाळ, जन्मतः दोन किलोच्या आतलं. मी पोचले तर बाळ व्यवस्थित गुंडाळलेलं. कशात? आपल्याच ब्लँकेटात. तपकिरी, लाल काठाचं. त्या वर्षी आपण सगळी तशीच घेतली होती. मी ब्लँकेटात हात घातला आणि दचकले. आतलं अंग बाहेरच्या हवेसारखंच थंड. पाय तर मातीच्या भांड्यासारखे. काखेत ताप मोजायची नळी लावली. पारा जागचा हललाच नाही. ती नळी फॅरनहाइटची, 94 च्या खाली तिच्यावर खूणच नसते. ती ताप मोजायला केलेली. नवजात बाळाला साडेसत्त्याण्णवच्या वर असायला हवं.

तेव्हा, त्या कोब्यावर गुडघे टेकून बसलेली असताना, मला एवढी साधी गोष्ट कळली की ब्लँकेट ऊब तयार करत नाही. आत जे आहे ते राखतं, एवढंच. मोठ्या माणसाचं शरीर शेगडीसारखं चालू असतं, म्हणून ब्लँकेटात त्याला ऊब येते. कमी वजनाच्या बाळाची शेगडीच मंद असते. अंगावर चरबी नाही, कुडकुडता येत नाही, आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. गार पडलेलं बाळ ब्लँकेटात गुंडाळलं, तर ते गारच राहतं.

बाळाची आई तापाने फणफणलेली, उठवत नव्हतं. मी आजीला चोळी सोडायला लावली. बाळाला टोपी आणि लंगोट एवढंच ठेवून तिच्या छातीवर उघडं लावलं आणि दोघांवरून मग ते ब्लँकेट घेतलं. याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी 1978 मध्ये ती सुरू केली, कारण त्यांच्याकडे काचेच्या पेट्या पुरेशा नव्हत्या. आजीने मला विचारलं, "इथेच बसू?" मी वर पाहिलं. पत्र्याला थेंब लोंबत होते. मी म्हटलं, "नाही. जुन्या घरात चला."

मागे त्यांचं जुनं कुडाचं घर गोठा म्हणून उभं होतं. चारा, कणगी, दोन बैल, एक वासरू. आम्ही तिथे बसलो. चूल पेटवली. घरात वारा नव्हता. थोडं दूध पिळून चमच्याने पाजत राहिलो. दुपारच्या सुमारास बाळाने आवाज काढला, मग तोंड हलवलं. पुढचे दोन आठवडे ते आळीपाळीने आजीच्या, आत्याच्या आणि ताप उतरल्यावर आईच्या छातीवर राहिलं. आता तो मुलगा शाळेत जातो आणि मला बघून पळतो, कारण मी दिसले की सुई आठवते.

यानंतर मी घरांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले आणि वाचायलाही लागले. युरोपातल्या 14 देशांच्या 1988 ते 1997 च्या नोंदींवरचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. इतर महिन्यांच्या तुलनेत हिवाळ्यात किती जास्त माणसं मरतात, हे त्यात तपासलं होतं. मला वाटलं होतं, बर्फाळ फिनलंड वर असेल. तिथे ते प्रमाण 10 टक्के होतं. सगळ्यांत वर निघालं पोर्तुगाल, 28 टक्के! उन्हाचा देश, समुद्रकिनाऱ्यांचा देश. फिनलंडमधली माणसं थंडी गृहीत धरून घर बांधतात. जाड भिंती, दुहेरी खिडक्या. जिथे थंडी दोन-अडीच महिन्यांचीच, तिथे सगळे म्हणतात, जाईल निघून. नंदुरबारला कसली हो थंडी, हे वाक्य पोर्तुगालमध्येही कुणीतरी म्हणत असणार.

मिशनच्या कामात असलेल्यांनी लॉरी बेकर यांचं नाव ऐकलं असेल. हा इंग्रज वास्तुविशारद 1945 मध्ये कुष्ठरोग्यांसाठीच्या मिशनच्या इमारती बांधायला भारतात आला, इथल्याच एका डॉक्टर बाईंशी लग्न केलं आणि हिमालयात पिथोरागढला दोघांनी कित्येक वर्षं दवाखाना चालवला. तिथले गवंडी माती, दगड आणि लाकूड कसं वापरतात, हे ते विद्यार्थ्यासारखे शिकले. पुढे केरळात त्यांनी भिंतीत विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची रीत रुळवली. विटा कमी लागतात आणि मधली कोंडलेली हवा गरमी-थंडी अडवते. मला त्यांचं सगळ्यांत मोठं वाटतं ते हे, की बांधण्याआधी त्यांनी तिथल्या लोकांची घरं पाहिली. आम्ही पत्रे घालण्याआधी पाहिली नव्हती.

मग आम्ही काय केलं? पहिल्या वर्षी पुन्हा चूकच. खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळलेलं गवत भरून पत्र्याखाली टांगलं. उंदरांची चैन झाली आणि एका घरात चुलीची ठिणगी उडून गोणी पेटता पेटता वाचली. सगळं उतरवलं. नंतर त्याच म्हाताऱ्या आजीच्या मुलाने उपाय काढला. बांबूचे तट्टे विणून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तारेने बांधायचे आणि खालून माती, शेण आणि भुशाने लिंपायचे. मधली हवा कोंडून राहते, माती जळत नाही, थेंब अंथरुणावर पडत नाहीत. मे महिन्यातही त्याचा उपयोग होतो. बांबू गावातला, माती गावातली, लिंपण्यात तिथल्या बायकांचा हात आपण कुणीच धरू शकणार नाही. विकत लागते ती तार आणि द्यावी लागते ती तट्टे विणणाऱ्याची मजुरी.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपण ब्लँकेट देतो, माणूस ते अंगावर घेतो आणि निजतो कोब्यावर, प्लॅस्टिकच्या चटईवर. रात्रभर कोबा त्याची ऊब शोषत राहतो. वर दोन घेतली तरी थंडी खालून येते. दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली अंथरा, असं मी सांगायचे. पण दबलेल्या ब्लँकेटात हवाच उरत नाही, म्हणून तेही पुरत नाही. पेंढा किंवा मक्याच्या कणसांचा वाळलेला पाला गोणपाटात भरून केलेली गादी मात्र काम करते. चार-आठ दिवसांनी उन्हात झटकावी लागते, विंचू-काट्याची भीती असते, आणि दर हिवाळ्यात भरण बदलावं लागतं. तेवढं लोक आनंदाने करतात.

तिसरी गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगते, इथेही सांगते, कारण शहरातही लोक हे करतात. घमेल्यात निखारे घालून दारं-खिडक्या लावून निजायचं नाही. कौलाच्या घरातून धूर आणि वायू फटींतून निघून जायचा. नव्या बंद घरात तो कोंडतो. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून फटी बुजवायच्या त्या दाराखालच्या आणि निजण्याच्या उंचीवरच्या. वरचं धुराडं किंवा झरोका उघडाच ठेवायचा, आणि निखारे निजण्याआधी बाहेर.

आणि कित्येक घरं तर थंडीत रिकामीच असतात. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि इकडे पश्चिम महाराष्ट्रात जातात. मार्चपर्यंत त्यांचं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्या, उसाचं पाचट आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. पाण्याने भरलेल्या शेताशेजारी, उघड्या माळावर. पहाटे तीन-चारला आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि लेकरं कोपीत झोपलेली राहतात. गाभण म्हशीची जेवढी काळजी घेतली जाते तेवढीही तिथल्या गरोदर बाईची घेतली जात नाही, हे मी रागाने म्हणते आहे, तुम्ही समजून घ्या. कोपीला तट्टे बांधून देता येत नाहीत. ती तीन महिन्यांत मोडायची असते. तिथे पेंढ्याची गादी, बाळाची टोपी आणि छातीशी लावायची माहिती एवढंच पोचू शकतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांमध्ये गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, त्यात बाळाला उबदार ठेवण्यासाठी शिवलेली पिशवीही होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी उतरल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तशी पिशवी आपल्या महिला संघाला शिवता येईल. कापूस आणि सुती कापड, दुसरं काही नाही.

आता मागणी. ब्लँकेटं आणू नका असं मी म्हणत नाही. पण पातळ, चकाकणारी सिंथेटिक आणू नका. शेकोटीची ठिणगी पडली की ती वितळून अंगाला चिकटतात, तसे भाजलेले हात मी धुतलेले आहेत. त्यापेक्षा जुन्या सुती साड्या आणा. बुधवारच्या प्रार्थनेनंतर आपण इथेच बसून गोधड्या घालू. मला टाका नीट येत नाही, पण साड्या फाडायला मी आहे. स्वच्छ, कोरडी गोणपाटाची पोती हवीत, प्लॅस्टिकची नकोत. तरुण संघातल्या ज्यांना हातोडी-पक्कड धरता येते, त्यांनी आपली नावं अध्यक्षबाईंकडे द्यावीत. निधीतला निम्मा भाग तार आणि तट्ट्यांच्या मजुरीसाठी ठेवावा, अशी माझी विनंती कार्यकारिणीपुढे आहे. तिच्यावर आज चर्चा व्हावी.

गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे निघेल. वर मुक्काम दोन रात्रींचा आहे आणि आपण पत्र्याखालीच निजणार आहोत. येणाऱ्यांनी अंथरूण जाड आणावं.